कमी वापरलेला पलंग

वकिलाच्या ऑफिसात अठरा वर्षं टायपिंग केल्यावर माणसाला एक खोड लागते. कुठे भांडण दिसलं की आधी बोटं शिवशिवतात. "सदर इसमाने", "वारंवार तोंडी सूचना देऊनही" असली वाक्यं मला झोपेतसुद्धा यायची. महाडच्या कोर्टात जुन्या टीव्हीपासून गाभण म्हणून विकलेल्या भाकड म्हशीपर्यंत फसवणुकीची जेवढी प्रकरणं आली, त्यातली निम्मी तरी माझ्या हाताखालून गेली असतील. त्यामुळे पलंग विकायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आपल्याला कोण शेंडी लावतोय!

पलंग म्हणजे हॉस्पिटलात असतो तसला. पायाशी हँडल, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आणि वर पंपावर फुगणारी हवेची गादी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. माझ्या नवऱ्यासाठी घेतला होता. मणक्यात गाठ निघाली, कमरेखालचं सगळं गेलं, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय, हे टायपिस्ट बाईलाही कळतं. फाल्गुनात पलंग आला, वैशाखात हे गेले. दोन महिने.

माझी जागा दोन खोल्यांची. पलंग बाहेरच्या खोलीत असा पसरलेला की दारातून आत यायचं तर अंग चोरून यावं लागे. दिवस-पाणी होईपर्यंत माणसं होती, तोवर तो खपून गेला. माणसं पांगल्यावर मात्र तो आणि मी. सकाळी सवयीने दोन कप चहा टाकायचे, मग त्या रिकाम्या गादीकडे लक्ष जायचं आणि एक कप मोरीत ओतायचे. असं महिनाभर केलं. मग स्वतःचाच राग आला. म्हटलं, हा जाईल तेव्हाच मी माणसात येईन.

ऑफिसात तेव्हा नुकतं इंटरनेट आलं होतं. जुन्या वस्तूंच्या फुकट जाहिराती घेणारी एक वेबसाइट वकीलसाहेबांनी दाखवली. त्यांनी तिथून जुना इन्व्हर्टर विकला होता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: पेशंटचा पलंग, हवेच्या गादीसह, दोनच महिने वापरलेला, आता गरज नाही. आणि सवयीने खाली जोडून दिलं, "जसे आहे जेथे आहे या तत्त्वावर". साहेब वाचून हसले. म्हणाले, "बाई, पलंग विकताय की जप्तीचा लिलाव काढलाय?"

पहिलं गिऱ्हाईक बिरवाडीचं. कारखान्यात कामाला, खोली भाड्याची, गावाहून आजारी आईला आणलेलं. तरुण माणूस. हँडल फिरवून बघितलं, गादी दाबून बघितली आणि टेम्पोत घालून घेऊन गेला. त्याने काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत चटई टाकून पाय पसरून बसले. किती दिवसांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टेम्पो दारात. पुढच्या सीटवर त्याची आई बसलेली, पदर नाकाला लावून. ती खाली उतरली नाही, माझ्या पायरीला पाय लावायला तयार नव्हती. मुलगा तरातरा आला.

"मॅडम, मयताचा पलंग विकता? सांगायला नको?"

"तुम्ही विचारलंत का?"

"हे काय विचारायचं असतं?"

"मग सांगायचंही नसतं," मी म्हटलं. "आणि असल्या पलंगांवर काय बारशी होतात? काय समजून नेलात तुम्ही?"

सगळी चाळ गॅलरीत. कुणीतरी फिस्सकन हसलं, त्यामुळे तो जास्तच चिडला. बिरवाडीच्या शेजारणीने त्याच्या आईला सांगितलं होतं, तिच्या भावाचं बिऱ्हाड आमच्याच चाळीत. मी त्याला "जसे आहे जेथे आहे"चा अर्थ समजावायला लागले, तो ऐकेना, तेवढ्यात टेम्पोतून ती म्हातारी बारीक आवाजात म्हणाली, "बाये, मला त्याच्यावर झोप नाय लागली गो. सगळी रात भ्या वाटलं." वकिली भल्याभल्यांपुढे चालते, पण असल्या बोलण्यापुढे काय चालणार? पैसे परत दिले. टेम्पोचं भाडं त्याने दोन्ही वेळचं मागितलं, मी एका वेळचं दिलं. पलंग पुन्हा बाहेरच्या खोलीत आला आणि चटई गुंडाळून ठेवावी लागली.

त्यानंतर तीन फोन आले. तिघांचाही पहिला प्रश्न एकच, "पेशंट कसे आहेत आता?" मी खरं सांगितलं, वारले. एकाने फोनच ठेवला. दुसरा म्हणाला कळवतो. तिसरा सभ्य होता, "मग राहू द्या मॅडम" म्हणाला, वर मलाच म्हणाला काळजी घ्या. मी साहेबांकडे रडगाणं गायले. ते म्हणाले, "विचारलं तरच सांगायचं. आणि विचारलं तरी गोल सांगायचं. फक्त खोटं बोलू नका, खोट्याचा पुरावा होतो."

मग उमरठच्या बाईंचा फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग एक आवाज.

"हॅलो, पलंगवाल्या ताई का तुमी? जोरात बोला हां, मी टेपावर हाय. देवळामागच्या टेपावर चढल्याबिगर रेंज नाय आमच्यात."

तिचा नवरा पावसाआधी घर शाकारताना कौलांवरून खाली पडला होता. पाठीवर. तेव्हापासून पाय हलत नव्हते. दीर मुंबईला, त्याने तिथे कंपुटरवर माझी जाहिरात बघितली आणि वहिनीला नंबर दिला. हा दीर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. असा पलंग घे, तसं औषध दे, सगळं फोनवर. करायचं तिनेच.

सगळं बोलून झाल्यावर तिनेही विचारलंच. "पेशंट कोन, ताई?"

"मिस्टर माझे."

"मग आता?"

"सुटले हो ते," मी म्हटलं. "सुटले एकदाचे त्या पलंगातनं."

देवाशपथ सांगते, हे मी ठरवून बोलले नाही. खूप सोसून गेलेल्या माणसाला आपण म्हणतोच की, सुटला बिचारा. माझ्या तोंडात वैशाखापासून तोच शब्द होता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगत होते. पण पलीकडे जरा वेळ नुसता वारा वाजला आणि मग ती एकदम ओरडलीच, "अगो बाय! देव पावला म्हना की! चालतात आता?"

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाही."

लख्ख ऐकू येत होतं. शाळेतल्या घंटेसारखं स्वच्छ. पण फोन ठेवला मी, आणि साहेबांच्या शिकवणीप्रमाणे खोटं काही बोलले नाही म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. नारळी पौर्णिमेला दिराच्या ओळखीचा टेम्पो आला आणि पलंग उमरठला गेला. या वेळी मी चटई टाकली नाही. मोकळ्या जागेकडे बघत उभीच राहिले.

चार दिवसांनी पहिली तक्रार. हँडल फिरत नाही. मी म्हटलं, खीळ काढा, तेल घाला. फिरलं. मग दुसरी तक्रार. गादी बसते.

"दिवसा फुगते, मग फुस्स व्हते. भोक हाय का तिला, ताई?"

"लाइट जाते का तुमच्याकडे?"

"लाइट? ती असते कवा?"

तेव्हा भारनियमन होतं, उमरठ-पोलादपूरकडे तर दहा-दहा तास. पंप विजेवर चालणार. माझा पारा चढला. "अहो बाई, लाइट नाही तर मी काय करू? महाडहून येऊन तोंडाने फुगवू?"

"तसं नाय गो ताई, रागवू नका," ती म्हणाली. आणि हसली. त्या हसण्याने माझा राग पार उतरला. मग मीच तिला सांगत बसले: दर दोन तासांनी कूस बदलायची, घोट्याखाली मऊ धडपा घडी करून ठेवायचा, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही. दोन महिन्यांत जे शिकले ते सगळं. ती टेपावर उभी राहून हूं हूं करत होती. मला बरं वाटलं, खोटं का बोला. ते सगळं शिकलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

तिसरा फोन मात्र वेगळा.

"ताई, एक इचारू? रागवायचं नाय हां. तुमच्या मिस्टरांचं डोकं कुठल्या दिशेला व्हतं?"

"पूर्वेला."

"आमीपन पूर्वेलाच केलंय." मग ती म्हणाली, "मग ह्यांच्यात फरक का नाय? तुमचे उठले. पलंग तोच, गादी तीच, तुमी सांगितलं तसंच सगळं करते मी. दोन हप्ते झाले. पायाचा आंगठापन हलत नाय. तुमी कायतरी सांगायचं ठेवलंय आमाला. काय ते सांगा ना."

अठरा वर्षं मी विकणाऱ्याविरुद्ध तक्रारी टाइप केल्या. रंग उडाला, म्हैस लाथ मारते, मोटर गरम होते. पण तुमचा माणूस ज्या पलंगावरून उठला त्याच पलंगावरून माझा का उठत नाही, ही तक्रार कुठल्या कलमात बसवायची? आणि ती खरी होती. मी सांगायचं ठेवलंच होतं.

मी म्हटलं, "वेळ लागतो." एवढंच.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "खरं सांगून टाका. फार तर काय, पलंग परत येईल." पलंग परत येण्याची मला भीती नव्हतीच आता. भीती वाटत होती ती टेपावर उभ्या असलेल्या त्या बाईची. हे ऐकून ती खाली घरी कशी उतरेल?

मी रोज ठरवायचे, आज फोन आला की सांगायचं. फोन आला तो बोलावणं घेऊन.

"गवरीला आमच्याकडं या ताई. दिराला रजा नाय, गनपती आनलाच नाय अवंदा. पन गवर चुकवायची नाय. तुमची ओटी भरते, आनि तुमच्या हातनं मला कुंकू लावा. ज्या बाईचा घरधनी ह्या पलंगावरनं उठला तिच्या हातचं कुंकू. मग बघते हे कसे नाय उठत ते."

ओटी भरतात ती सवाष्णीची. त्या श्रावणात आमच्या चाळीत शुक्रवारचं हळदीकुंकू झालं तेव्हा बायका माझ्या दारावरून पुढे गेल्या, एरवी ज्या साखर मागायला दिवसातून दोनदा यायच्या त्याच. वाईट कुणीच नव्हतं. रीत म्हणून मान खाली घालून गेल्या. आणि इथे एक बाई मला गौरीची सवाष्ण म्हणून बोलावत होती. नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "येते."

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, वर्षाच्या आत घरात काही करत नाहीत. त्यामुळे मला वेळच वेळ. एसटीत बसले तेव्हा मनाशी पक्कं होतं, समोरासमोर सांगायचं, पाय धरायचे, मोकळं व्हायचं. पण पर्समध्ये मंगळसूत्र घेतलं होतंच. पोलादपूरच्या स्टँडवर, जिथे महाडचं कुणी ओळखीचं दिसत नव्हतं, तिथे बायकांच्या मोरीत शिरून मी ते गळ्यात घातलं आणि कपाळाला लाल टिकली लावली. आरसा नव्हता. टिकली मधोमध आहे की नाही हे बोटाने चाचपून बघितलं. मी माझ्याच नवऱ्याची चोरी करतेय असं वाटत होतं.

उमरठला जीपमधून उतरले तर ती रस्त्यावरच उभी. माझ्याहून लहान, काटकुळी, पण हात बाप्याच्या हातासारखे राकट. तिने पायावर पाणी घातलं आणि माझा हात धरून आत नेलं. पडवीत पलंग. त्यावर तिचा नवरा, दाढी ताजी केलेली, पाहुणी येणार म्हणून नवी बंडी घातलेली. त्याने हात जोडले. मी पलंगाकडे बघायचं टाळून त्याच्याकडे बघितलं.

माजघरात तेरड्याची गौर, तिला साडी नेसवलेली. तिथे पाटावर बसवून तिने माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सुपारी. मग कपाळ पुढे केलं. मी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं. बोट जास्तच भरलं आणि कुंकू तिच्या नाकावर सांडलं. ती म्हणाली, "नाकावर सांडलं म्हंजे नवऱ्याची माया ऱ्हाते," आणि वाकून माझ्या पाया पडली. सांगायची हीच वेळ होती. थू तुझ्या जिण्यावर, असं मी मनात स्वतःला म्हटलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बसा ह्यांच्यापाशी. जेवल्याबिगर सोडनार नाय," म्हणून ती चुलीकडे गेली.

मी पडवीत स्टुलावर बसले. तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, हात द्या जरा. हितं, कठड्याच्या खालनं."

मी हात घातला. लोखंडाला खालच्या अंगाने काहीतरी लागलं. बारीक रेघा, एकीला एक लागून.

"एकसष्ट हायत," तो म्हणाला. "मी बोटानं मोजल्या. दुसरं काम काय मला?"

मला कळेना आधी. मग आठवलं. पलंग आला त्याच आठवड्यात ह्यांनी माझ्याकडे सेफ्टी पिन मागितली होती. म्हटलं कशाला, तर म्हणाले, पाठीला खाज येते, असू दे जवळ. ती पिन मी परत कधी बघितली नाही. दोन महिने रोज ओल्या फडक्याने तो कठडा पुसत होते, वरून. खालून कधी पुसला नाही. माणूस माझ्या डोळ्यांदेखत दिवस मोजत होता आणि मला पत्ता नव्हता.

"सुरवातीच्या खोल हायत," तो सांगत होता. "नख अडकतं. फुडं फुडं उथळ. शेवटच्या सात-आठ तर नुसत्या टेकवल्यात. बरा व्हत चाललेल्या मानसाचा हात असा हलका नाय व्हत, ताई."

मला रडू फुटलं. पण आत ती होती, आवाज करता येईना. पदराचा बोळा तोंडात धरला.

"कवा गेले?"

"वैशाखात."

"लय तरास झाला?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला हे विचारत होतं. चाळीत सगळे मलाच सांगून गेले होते, शांतपणे गेले हो, भाग्यवान. मी म्हटलं, "झाला. शेवटचे आठ दिवस फार."

त्याने डोळे मिटले. "बरं केलंत सांगितलंत. मला सगळी उठशील उठशीलच बोलतात. कुनाला इचारायची चोरी." मग चुलीकडे नजर टाकून म्हणाला, "तिला नका सांगू. तिचा दिस त्याच्यावरच जातो."

तेवढ्यात ती वाढलेलं ताट घेऊन आली. माझे डोळे बघून थबकली. "काय बोलताय दोघं?"

तो म्हणाला, "इचारत व्हतो, त्यांच्या मिस्टरांना उठायला किती दिस लागले म्हनून."

तिने ताट हातातच धरलं. "किती हो लागले, ताई?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, पापणी न हलवता.

"दोन महिने," मी म्हटलं.

तिने ताट खाली ठेवलं आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागली. "नारळी पुनवेला पलंग आला. भादव्याची पुनव एक. कोजागिरी दोन." तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "ऐकलंत का? कोजागिरीला."

"हां," तो म्हणाला. "कोजागिरीला."